तामियाची राखाडी पुट्टी: ओरखड्यांना चोख, फटींना नाही

प्लास्टिकची मॉडेल विमानं-रणगाडे जोडताना तामिया या जपानी कंपनीची 32 ग्रॅमची राखाडी ‘बेसिक’ पुट्टी केसाएवढ्या फटी, साच्यातून आलेले खड्डे आणि ओरखडे भरायला उत्तम. पंखाच्या मुळाशी मिलिमीटरभर फट असेल आणि तिथे हीच ठासली, तर मात्र ती दगा देते. ही लॅकर जातीची, म्हणजे द्रावक उडून वाळणारी पुट्टी आहे. द्रावक उडाला की आकसते. जाड थरावर वरून साय धरते आणि आत ओल राहते. आज घासून सपाट केलेला सांधा रंगानंतर पुन्हा खोलगट दिसतो, तो त्यामुळेच. शिवाय द्रावक प्लास्टिक मऊ करतो. 1/72 मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या) पातळ पंखावर थापली तर मागची कड वाकू शकते. मोठ्या फटीत आधी स्प्रूची (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडून येतात त्यांची) गरम करून ताणलेली तार चिकटवून घ्यावी, पुट्टी फक्त वरच्या उरलेल्या भेगेपुरती.

लावताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावावी, टूथपिकने पातळ थर ओढावा आणि पुट्टी ओली असतानाच टेप काढावी. घासायचं काम निम्मं होतं. पातळ थराला काही तास पुरतात; शंका असेल तर रात्रभर ठेवावं. इंदूरच्या मे महिन्यात वरचा थर चटकन वाळतो, त्याला फसू नये. नख टेकवून पाहा, खूण उमटली तर थांबा.

खरी गडबड घासताना होते. पुट्टी प्लास्टिकपेक्षा मऊ असते. बोटाने दाबून घासलं की बोट पुट्टीत उतरतं आणि सांध्यावर उथळ पन्हळ तयार होते. म्हणून वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिशकागद) खोडरबराला किंवा सपाट लाकडाच्या तुकड्याला गुंडाळावा. गोल धडावर सांध्याच्या रेघेवरून मागे-पुढे घासू नये, तिथे सपाट पट्टा पडतो. आडवं-तिरकं, गोलाईला धरून घासावं. 400 नंबरच्या कागदाने (नंबर मोठा तितका कागद बारीक) फक्त उंचवटा उतरवायचा, 600 ने पुट्टीची कड प्लास्टिकमध्ये विरवायची, 1000 ने ओरखडे काढायचे. 400 वरून थेट 1000 वर उडी मारली तर 400 चे चरे प्रायमरखाली (रंगाआधीच्या अस्तराखाली) दिसतात. वायुसेनेचं चांदी रंगाचं मिग-21 करणार असाल तर 1500 पर्यंत जावंच लागतं, चांदी काहीच लपवत नाही. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकला की कागद चोंदत नाही आणि धूळही नाकात जात नाही. मॉडेलिंगच्या महागड्या कागदाची गरज नाही, सियागंजातल्या हार्डवेअर दुकानांतला वॉटर पेपर चालतो. फक्त नवा 400 आधी टाकाऊ स्प्रूवर दोनदा फिरवून त्याची धार मोडावी.

राखाडी प्लास्टिकवर राखाडी पुट्टी दिसत नाही, ही तिची उणीव. पेन्सिलचा हलका हात फिरवला की राहिलेली भेग काळी उठून दिसते. मार्कर नको, त्याची शाई रंगातून वर येते.

गाड्या रंगवणाऱ्यांची एनसी पुट्टी स्वस्त आहे, पण तिचे कण जाड आणि थिनर जहाल. विमानाला नकोच. 1/35 रणगाड्याच्या ओतीव टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) जुन्या ब्रशने टोचून खरबरीतपणा आणायला मात्र झकास!

रिव्हेटच्या (पत्र्यावरच्या खिळ्यांच्या बारीक उठावांच्या) शेजारचा सांधा असेल तर मिस्टर सरफेसर 500 हा दाट, पातळ पुट्टीसारखा प्रायमर घ्या. सांध्यावर ब्रशने लावा, वाळू द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने जादाचं पुसा. घासावंच लागत नाही, रिव्हेट वाचतात. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच; जेल रोडच्या डॉलर मार्केटात विचारा. ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर हाताशी असलं तरी वापरू नका, ते प्लास्टिक खातं.

ताण येणाऱ्या सांध्यावर फेविक्विक आणि टाल्कम पावडर बरी, आकसत नाही. पण तासाभरात घासून मोकळं व्हावं, नंतर ती प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि कागद शेजारचं प्लास्टिकच खातो. पावसाळ्यात ती आणखी लवकर धरते, कारण ती हवेतल्या ओलीवरच घट्ट होते.

घासताना बुजलेल्या पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेघा) फेविक्विकवर पुन्हा कोरल्या तर स्वच्छ येतात. तामियाच्या पुट्टीवर कोरताना कड ढासळते, म्हणून जिथे लाइन सांध्याला छेदते तिथे भरावच फेविक्विकचा ठेवावा.

पुट्टीच्या ट्यूबचं तोंड प्रत्येक वेळी पुसून झाकण घट्ट लावा. तोंडाशी खडा धरला तर टूथपिकने काढून टाका; मागून दाबत बसलात तर ट्यूब कुशीतून फुटते.