डेकला तेल सांगून मेलामाईन मारलं: विदर्भातल्या लोकांनी नक्की वाचा

नागपूर, चंद्रपूर, अकोला, अमरावती या पट्ट्यात ज्यांच्या गच्चीवर, बंगल्याच्या अंगणात किंवा फार्महाऊसवर लाकडी डेक (उघड्यावर फळ्या बसवून केलेली जमीन) आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ‘इम्पोर्टेड यूव्ही ऑइल लावून देतो, पाच वर्षं बघायला नको’ असं सांगायचं आणि घरातल्या कपाटांना मारतात ते मेलामाईन पॉलिश उघड्यावरच्या लाकडावर फवारून मोकळं व्हायचं, असा प्रकार आमच्या बाबतीत झाला. 42,000 रुपये गेले. पण पैशांपेक्षा लाकडाचे हाल झाले ते जास्त जिव्हारी लागलं.

आमचा डेक पश्चिमेच्या गच्चीवर आहे, साधारण 300 चौरस फूट. चंद्रपूरचं जुनं घर पाडलं तेव्हा निघालेल्या सागवानी तुळया चिरून त्याच्या फळ्या काढल्या होत्या. त्या भागातल्या सागवानाचं मोल इकडच्या माणसाला सांगायला नको. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच लाकूड गेलं. असं सागवान उन्हात नुसतं ठेवलं तर करडं पडतं, खरखरीत होतं, पण सहजासहजी कुजत नाही. आम्हाला त्याचा मूळचा सोनेरी-तपकिरी रंग हवा होता, एवढंच.

ठेकेदार ओळखीतून आला. बोलणं गोड, लेटरहेडवर कोटेशन, मोबाईलवर झालेल्या कामांचे फोटो. दर 140 रुपये चौरस फूट, निम्मे आधी. कोटेशनमध्ये परदेशी कंपनीच्या डेक ऑइलचं नाव, ‘दोन कोट’ आणि ‘पाच वर्षं गॅरंटी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. फेब्रुवारीत काम झालं. डेक आरशासारखा चमकत होता. पाहुणे वाकून वाकून बघायचे.

मार्चअखेरीला फळ्यांच्या टोकांशी बारीक भेगा दिसू लागल्या. एप्रिलमध्ये चमक जाऊन पांढरट चट्टे आले. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला आणि दुपारी डेकवर अनवाणी पाय टेकवेना, तेव्हा पोपडे सुटले. फटीजवळ नख घातलं की कांद्याच्या सालीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा हातभर निघून यायचा, आणि खाली कोरडं, फिकट लाकूड. तेलाचा मागमूसही नव्हता. पहिल्या पावसात पाणी त्या भेगांतून पापुद्र्याखाली शिरलं आणि तिथेच अडकलं. लोखंडी स्क्रूंभोवती काळे डाग पसरले.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, सागवानालाच तेल सुटतं, त्याला आम्ही काय करणार? आणि हे विदर्भाचं ऊन!” हे अर्धसत्य आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. सागवानात स्वतःचं तेल असतं आणि त्यामुळे वरचा थर नीट धरत नाही, हे खरंच आहे. पण मग लाकडावर थर बसवणारं पॉलिश मारायचंच कशाला? तेल लाकडात मुरतं, त्याचा वर पापुद्रा बसत नाही, म्हणून सोलायलाही काही राहत नाही. ते फिकं होत जातं, झिजतं, पुन्हा हात मारला की झालं. त्याच्याच कोटेशनमधलं तेल त्याने खरोखर लावलं असतं, तर हातभर साल निघालीच नसती. यावर त्याने उत्तर दिलं नाही. उलट ‘वार्षिक मेंटेनन्स’ म्हणून 18,000 रुपयांत वरून आणखी एक कोट मारून देण्याची तयारी दाखवली.

खरा प्रकार उघड झाला तो डब्यांमुळे. पाण्याच्या टाकीमागे त्याच्या माणसांनी रिकामे डबे टाकून दिले होते. त्यात मेलामाईनचा सीलर, हार्डनर, थिनर, आणि परदेशी तेलाचा एक, फक्त एक लिटरचा डबा. मेलामाईनच्या डब्यावर आतल्या लाकूडकामासाठी असल्याचं छापलेलं होतं. आता हिशेब बघा. 300 चौरस फूट म्हणजे साधारण 28 चौरस मीटर. बाहेरच्या लाकडाचं तेल एका लिटरमध्ये एका कोटाला ढोबळमानाने 8 ते 12 चौरस मीटर जातं, जुनं कोरडं लाकूड असेल तर त्याहून कमी. दोन कोटांना पाच-सहा लिटर लागणारच. एक लिटरमध्ये एक कोटही पुरा होत नाही. तो डबा आम्हाला दाखवण्यापुरताच आणला होता.

म्हणून कोणी तेलाचं नाव घेतलं की पहिला प्रश्न लिटरचा विचारा. किती लिटर येणार, कोणत्या आकाराच्या डब्यांत, आणि सील तुमच्यासमोर फोडणार का? हे कोटेशनवर लिहून घ्या. काम चालू असताना नाकही जागं ठेवा. गच्चीभर थिनरचा झणझणीत वास आणि हातात स्प्रे गन दिसली, तर तिथेच काम थांबवा. डेकचं तेल ब्रशने किंवा कापडाने लावतात आणि न मुरलेलं पुसून काढतात. पुसणं दिसलंच नाही, तर तेल लागलेलं नाही.

डेक पुढे दुरुस्त केला तो एका वयस्कर पॉलिश मिस्त्रीकाकांनी. त्यांनी गुडघ्यावर बसून बोटाने फळी घासली आणि म्हणाले, “ताई, उघड्यावर मेलामाईन म्हणजे लाकडाचा गळा आवळणं.” त्यांनी समजावलं ते असं: लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं, पण मेलामाईनचा थर कडक, तो त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो. शिवाय थर पारदर्शक असला की ऊन त्यातून आरपार जातं. उन्हातले अतिनील किरण लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन फोडतात, वरचा पदर भुसभुशीत होतो, आणि ज्याला धरून थर बसला होता तेच निसटतं. म्हणून एकदम पारदर्शक तेलसुद्धा आपल्या उन्हात फार टिकत नाही. त्यात थोडा तपकिरी रंग असलेलं घ्यावं, रंगाचे कण ऊन अडवतात. ‘क्लिअर आहे आणि पाच वर्षं टिकेल’ असं कोणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

काम सोपं नव्हतं. पावसाळा संपून लाकूड पुरतं वाळेपर्यंत काकांनी हातच लावला नाही. मग मशीनने आधी 60 आणि नंतर 80 नंबरचा सँडपेपर मारला. फटींतलं मेलामाईन पट्टीने खरवडून काढावं लागलं. याहून बारीक पेपर मारला नाही, कारण फार गुळगुळीत लाकूड तेल पीत नाही. काळ्या डागांवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावलं (हातमोजे आणि चष्मा घालूनच, ते विषारी असतं), नंतर भरपूर पाण्याने धुतलं आणि लाकूड पुन्हा वाळू दिलं. तेल लावायचं ते सकाळी, फळ्या थंड असताना. तापलेल्या लाकडावर तेल मुरण्याआधीच सुकून चिकट बसतं. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना त्यांनी जास्त तेल पाजलं, पाणी तिथूनच सर्वांत आधी शिरतं. आणि गॅरंटी? “दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी एक हात मारा, ताई. दुसरी गॅरंटी मी देत नाही.” इतकं सरळ बोलणारा माणूस मला त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच भेटला.

पैशांसाठी मी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. ठेकेदाराने तिथे दाद दिली नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील लावायची सक्ती नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात फी लागत नाही. माझ्याकडे लेटरहेडवरचं कोटेशन, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी, डब्यांचे लेबलसकट फोटो आणि पाकिटात भरून ठेवलेले पोपडे आहेत. पैसे रोख दिले असते, तर यातलं निम्मं सिद्ध करणंच अवघड झालं असतं. तुमच्याकडेही काम झालं की रिकामे डबे फेकू देऊ नका.

अजून एक, आणि हे फसवणुकीपेक्षा वेगळं असलं तरी जिवाचं आहे. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारखं सुकणारं तेल असेल तर तो बोळा आतून तापत जातो आणि ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो, त्यात आपला उन्हाळा. काकांनी प्रत्येक चिंधी पाण्यात भिजवून, सावलीत सिमेंटच्या जमिनीवर सुटी पसरून वाळवली. ठेकेदाराची माणसं असल्या कामाच्या चिंध्या कुठे टाकतात, तेही बघून ठेवा.