मिक्स ट्रान्झिस्टरची डबी: माल बरा आहे, सोबतचा कागद फेकून द्या

ती कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची डबी मिळते ना, २४ प्रकारचे ट्रान्झिस्टर (सर्किटमधला करंट कमी-जास्त किंवा चालू-बंद करणारे भाग) एकत्र, सगळे छोटे काळे तीन पायांचे टीओ-९२ बॉडीवाले, ती घेतली होती आणि आता बऱ्यापैकी वापरून झालीये म्हणून लिहितेय. कंपनी कुठली विचारू नका, डबीवर नावच नाहीये. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला त्यातला अख्खा एक स्टार सोबत आलेल्या माहितीच्या कागदाचा आहे, ट्रान्झिस्टरचा नाही.

आत काय काय आहे ते आधी. बीसी५४७, ५४८, ५४९, ५५० हे एनपीएन, बीसी५५६, ५५७, ५५८ पीएनपी (दोन जाती, एकीत करंट ज्या दिशेने जातो त्याच्या उलट दुसरीत), मग बीसी३३७-३२७, २एन२२२२-२९०७, २एन३९०४-३९०६, एस८०५०-८५५०, सी१८१५-ए१०१५, सी९४५-ए७३३, ३०० व्होल्टवाले ए४२-ए९२, एस९०१४, एस९०१८ आणि बीसी५१७ डार्लिंग्टन (दोन ट्रान्झिस्टर एकात). निवड खरंच चांगली आहे, एनपीएनला पीएनपी जोडी जवळपास सगळीकडे मिळते. पाय जरा पातळ आहेत, ब्रेडबोर्डमध्ये घालताना वाकतात, पण सोल्डर नीट धरतात. बीसी५४७ च्या कप्प्यात थोडे ५५७ मिसळलेले निघाले, म्हणजे एनपीएनमध्ये पीएनपी, त्यामुळे डोळे झाकून उचलायचं नाही, अंगावरचा नंबर भिंगातून वाचायचा.

आता कागद. सगळ्या २४ नंबरांसाठी पायांची एकच आकृती छापलीये आणि ती तर फार वाईट गोष्ट आहे, कारण याच डबीत तीन वेगवेगळ्या रचना आहेत. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी सिरीजला डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर (मुख्य करंट कलेक्टर-एमिटरमधून जातो, बेस त्याच्यावर ताबा ठेवतो). २एन३९०४ आणि ८०५० ला बरोबर उलट, एमिटर, बेस, कलेक्टर. आणि सी१८१५, ए१०१५, सी९४५ ला एमिटर, कलेक्टर, बेस, म्हणजे बेस मधे नाहीच. २एन२२२२ ची तर गंमतच, पीएन२२२२ए नावाने येतो त्याचे पाय एमिटर-बेस-कलेक्टर आणि पी२एन२२२२ए नावाने येतो त्याचे कलेक्टर-बेस-एमिटर, आणि या डबीतल्यांवर नुसतं २एन२२२२ लिहिलंय, आता बोला. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तर सर्किट सरळ बंद पडत नाही हा खरा त्रास आहे, ते लंगडत चालतं, गेन (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरला मिळतो तो आकडा) अगदी कमी मिळतो, एलईडी मिणमिणतो आणि माणूस रेझिस्टर बदलत बसतो. शिवाय बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने साधारण ५-६ व्होल्टच सहन करतं, ९ व्होल्टच्या सप्लायवर उलटा लावला तर ते जंक्शन ब्रेकडाउनला जातं आणि असं होत राहिलं की ट्रान्झिस्टरचा गेन कायमचा पडतो. मल्टिमीटर डायोडवर ठेवून बघा, बेसपासून दोन्ही पायांकडे ०.६-०.७ दाखवेल, त्यात ज्या पायाला आकडा किंचित जास्त तो एमिटर. पीएनपीला प्रोब उलटे.

कागदावरचं दुसरं रत्न म्हणजे गेन. बीसी५४७ समोर एचएफई (हाच तो गेन) ८०० लिहून खाली उदाहरण दिलंय की बेसला १ मिलीअँप द्या, कलेक्टरला ८०० मिलीअँप मिळतील, आणि त्याच्याच वरच्या ओळीत कमाल कलेक्टर करंट १०० मिलीअँप छापलाय! लिहिणाऱ्याने स्वतःची वरची ओळ पण वाचलेली नाही. वस्तुस्थिती अशी की ५४७ मध्ये ए, बी, सी असे गट असतात, डेटाशीटप्रमाणे ए म्हणजे साधारण ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००, आणि हे सगळं २ मिलीअँप कलेक्टर करंटला मोजलेलं. माझ्या डबीतले सगळे बी छापाचे आहेत आणि मीटरच्या सॉकेटमध्ये तीनशेच्या आसपास येतात, म्हणजे माल बरोबर आहे, ८०० या बिचाऱ्यांनी कधी कबूलच केले नव्हते. सॉकेटमध्ये असताना दोन बोटांत धरून बघा, गरम झाला की आकडा वर चढायला लागतो. एकाच छापाचे दोन पण सारखे नसतात. अशा आकड्यावर कोणी सर्किट बांधतं का?

आणि "छोटा करंट मोठा होतो" हे वाक्य तर त्या कागदावर तीनदा आहे. काहीही मोठं होत नाही हो. कलेक्टरमधून जो करंट जातो तो बॅटरीचाच असतो, ट्रान्झिस्टर फक्त तो किती जाऊ द्यायचा ते ठरवतो, नळ पाणी तयार करत नाही तसंच. एनपीएनमध्ये एमिटर भरपूर डोप केलेला (मुद्दाम दुसऱ्या पदार्थाची भेसळ केलेला) असतो, बेस अगदी पातळ आणि हलका डोप केलेला. बेस-एमिटरला ०.६-०.७ व्होल्ट दिले की एमिटरमधून इलेक्ट्रॉन बेसमध्ये घुसतात, तिथे रमायला जागाच नसते, त्यामुळे बहुतेक सगळे पलीकडे पोचतात आणि कलेक्टर त्यांना ओढून घेतो. जे थोडे बेसमध्येच होलला (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेला) भेटून संपतात, त्यांचा प्रवाह आणि बेसमधून एमिटरकडे उलटा जाणारा थोडासा प्रवाह मिळून बेस करंट बनतो. म्हणजे खरी लगाम बेस-एमिटर व्होल्टेजच्या हातात आहे, आणि ती फार तेज आहे, साधारण १८ मिलीव्होल्ट वाढवले की कलेक्टर करंट दुप्पट, ६० मिलीव्होल्ट वाढवले की दहापट. वर तापमान एक डिग्री चढलं की तेवढ्याच करंटसाठी लागणारं व्होल्टेज २ मिलीव्होल्टने उतरतं. म्हणून बेसला सरळ ठरावीक व्होल्टेज बांधून ठेवलं तर ट्रान्झिस्टर गरम होतो, करंट वाढतो, अजून गरम होतो, आणि मोठ्या पॉवरच्या ट्रान्झिस्टरला याच चक्रात धूर येतो.

याच्यावरचा इलाज साधा आहे आणि डबीची खरी परीक्षा मी त्याच्यावरच घेतली. ९ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला ४.७ किलोओहम, एमिटरला ४७० ओहम, बेसला वरून ६८ किलोओहम आणि खालून १० किलोओहम, आत-बाहेर कपलिंग कपॅसिटर (फक्त हलणारा सिग्नल जाऊ देणारे). बेसला १.१ व्होल्टच्या आसपास मिळतात, एमिटर त्याच्या ०.६ खाली राहतो, म्हणजे ४७० ओहमवर साधारण अर्धा व्होल्ट, करंट झाला एक मिलीअँपच्या जरा वर. कलेक्टर मधोमध बसतो, ४ व्होल्टच्या आगेमागे. करंट वाढायला लागला की एमिटर वर उचलला जातो, बेस-एमिटरमधलं अंतर कमी होतं आणि करंट आपोआप आवरतो. यात एकामागून एक ५४७, ५४९, ५५०, ३९०४, ९०१४, सी१८१५ (पाय सांभाळून) असे घालत गेले, मीटरवर गेन कुणाचा काय कुणाचा काय, पण स्कोपवर (लहर दाखवणाऱ्या यंत्रावर) आउटपुट जवळपास जागच्या जागी, इनपुटच्या साडेनऊ पट. कारण इथे गेन म्हणजे व्होल्टेजचा गेन, ४७०० भागिले (४७० अधिक एमिटरचा आतला २५ ओहम), त्यात एचएफई येतच नाही. एवढं जमलं म्हणजे डबीतला माल पास, माझ्या मते तरी.

व्होल्टेज मोठं कुठे होतं तेही इथेच दिसतं. ट्रान्झिस्टर करंट हलवतो, कलेक्टरवर ३ व्होल्ट असोत की ७, त्याला फार फरक पडत नाही, आणि तो हलणारा करंट कलेक्टरच्या रेझिस्टरमधून जातो म्हणून त्याच्यावर मोठं व्होल्टेज तयार होतं. आउटपुट उलटं येतं ते पण त्याचमुळे, करंट वाढला की रेझिस्टरवर जास्त पडतं आणि कलेक्टर खाली येतो.

हाव सुटली तर ४७० वर समांतर मोठा कपॅसिटर टाका, सिग्नलपुरता एमिटर ग्राउंड होतो आणि गेन हिशेबाने १८० च्या वर जातो. पण मग इनपुटला १० मिलीव्होल्ट पीक दिले तरी लहर बिघडलेली दिसते, वरचा भाग पसरट आणि खालचा टोकदार, आणि डिस्टॉर्शन १० टक्क्यांच्या घरात. १८ मिलीव्होल्टला दुप्पट होणारी गोष्ट सरळ रेषेत कशी वागेल! मधला मार्ग म्हणजे कपॅसिटरबरोबर सिरीजमध्ये ५०-१०० ओहम टाकायचे, गेन ४०-६० च्या आसपास राहतो आणि आवाज ऐकवतो.

स्विच म्हणून सगळे व्यवस्थित आहेत, त्यात लिहिण्यासारखं कमी. ५ व्होल्टच्या पिनवरून २.२ किलोओहम बेसला, २० मिलीअँपचा एलईडी, कलेक्टरला ०.१ व्होल्टच्या आसपास राहतात, झालं. इथे एचएफई विसरायचा आणि कलेक्टर करंटचा दहावा हिस्सा बेसला द्यायचा, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण सॅचुरेशनला जातो (नळ पूर्ण उघडतो) आणि थंड राहतो. रिलेला ५४७ ऐवजी ३३७ घ्या, ८०० मिलीअँपचा आहे, आणि कॉइलवर उलटा डायोड नसेल तर कॉइल बंद होताना जो व्होल्टेजचा झटका मारते त्याने कुठलाही ट्रान्झिस्टर जाईल, मग रिव्ह्यूमध्ये डबीला शिव्या घालू नका. ए४२ वर ३०० व्होल्ट आहेत म्हणून मेनवर (घरातल्या विजेवर) खेळायला जाऊ नका, त्याबद्दल कागदावर एक अक्षर नाही, याचा मला खरा राग आहे.

बीसी५१७ मात्र मजा आणतो. आत दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याचा बेस चालवतो, गेन किमान ३०,०००. बॅटरीच्या प्लसपासून एक वायर, बेसपासून दुसरी, दोन्हीवर एकच बोट ठेवलं की कलेक्टरचा एलईडी पेटतो, कातडीतून जाणारे काही मायक्रोअँप पुरतात. (हे फक्त बॅटरीवर.) पण चालू व्हायला १.२ ते १.४ व्होल्ट लागतात आणि चालू असताना स्वतःकडे ०.७ च्या वरच ठेवून घेतो, म्हणून ३ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडी फिका दिसतो, ९ व्होल्टवर काही प्रॉब्लेम नाही.

उरलेला अर्धा स्टार मॉसफेटसाठी (ट्रान्झिस्टरची वेगळी जात) कापला, डबीत एकही नाहीये. ९०१८ सारखा रेडिओ फ्रिक्वेन्सीचा नंबर शिकणाऱ्याला किती लागणार, त्याच्या जागी २एन७००० ठेवला असता तर काय बिघडलं असतं, तो पण टीओ-९२ मध्येच येतो, ६० व्होल्ट, २०० मिलीअँप, गेटला (त्याच्या ताबा ठेवणाऱ्या पायाला) सतत करंट लागत नाही, व्होल्टेजवरच चालतो, दोघांमधला फरक हातात घेऊन बघता आला असता. तो वेगळा मागवा, आणि आला की या डबीच्या रिकाम्या कप्प्यात टाकू नका, साध्या प्लास्टिकमध्ये स्टॅटिकने गेट उडू शकतं, त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीतच राहू द्या.