मैदान कराच्या पैशाने की मालकांच्या? सेंट लुईसमधील एका मतदाराचा कौल

४ एप्रिल २०१७ रोजी मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहराच्या मतदारांसमोर एकमेकांत गुंतलेले दोन ठराव होते. पहिला विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याचा होता आणि त्यातला मोठा भाग मेट्रोलिंक रेल्वेच्या उत्तर-दक्षिण मार्गासाठी जायचा होता. तो मंजूर झाला की राज्याबाहेरून माल मागवणाऱ्या व्यवसायांवरचा वापरकरही आपोआप वाढणार होता, आणि त्या वाढीतला निम्मा पैसा नव्या फुटबॉल मैदानाला द्यावा का, असे दुसरा ठराव विचारत होता. शहराचा वाटा सहा कोटी डॉलरचा ठरला होता. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतरचे माझे ते दुसरेच मतदान. मी पहिल्या ठरावाला होकार दिला, दुसऱ्याला नकार, आणि शहरानेही नेमके तेच केले: रेल्वेचा ठराव मंजूर झाला, मैदानाचा सुमारे ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी पडला.

असे ठराव अमेरिकेतल्या लहानमोठ्या शहरांत पुन्हा पुन्हा येतात. ज्यांच्या दारात असा ठराव आज उभा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मैदाने शहराला गुंतवणुकीच्या तोडीचे उत्पन्न मिळवून देत नाहीत यावर बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचे एकमत आहे, हे तुम्ही वाचलेच असेल. तो वाद येथे उगाळत नाही. दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहताना मला काय खटकले, एवढेच सांगतो.

आधी माझा कल कुठे असायला हवा होता, ते सांगणे योग्य होईल. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला फुटबॉलविरुद्ध मत देणे सोपे नसते. त्यात सेंट लुईस म्हणजे अमेरिकेतले कोल्हापूरच म्हणायला हवे. १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १-० ने हरवणाऱ्या अमेरिकी संघात पाच खेळाडू या एका शहराचे होते, आणि सेंट लुईस विद्यापीठाने १९५९ ते १९७३ या काळात राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद दहा वेळा पटकावले. अशा गावाला मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये संघ नसावा, याची खंत मलाही होतीच.

कराच्या पैशाची बाजू नीट मांडायची तर ती कमकुवत नाही. मैदानाचा अंदाजित खर्च सुमारे वीस कोटी डॉलर होता आणि लीगमध्ये प्रवेश मिळवण्यासाठी पंधरा कोटी डॉलरचे शुल्क मालकांना वेगळे भरायचे होते, म्हणजे एकूण ओझ्यातला शहराचा वाटा लहानच होता. वाढीव वापरकराचा उरलेला निम्मा भाग अल्पसंख्याकांच्या नोकरी-प्रशिक्षणाला आणि छोट्या व्यवसायांना जायचा होता, त्यामुळे ठराव केवळ खेळवेड्यांच्या सोयीचा होता असे म्हणता येणार नाही. शिवाय पैसा घातला की मागण्या करण्याचा हक्क येतो: स्थानिक मुलांना मैदान किती दिवस मिळणार, बांधकामावर कोणाला काम मिळणार, संघ विकला गेला तर काय होणार. पदरचा एक डॉलरही न घालणाऱ्या शहराने असल्या अटी कोणत्या तोंडाने घालाव्यात, असे ठरावाच्या बाजूचे माझे मित्र मला विचारत, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा चांगले उत्तर नव्हते.

तरीही माझे मत फिरले ते एका रोजच्या वाटेमुळे. मी मेट्रोलिंकने कन्व्हेन्शन सेंटर स्थानकावर उतरून डोमच्या कडेने कार्यालयात चालत जात असे. हा डोम १९९५ साली अमेरिकन फुटबॉलसाठी सरकारी रोखे काढून बांधला गेला. त्याचे हप्ते आणि देखभाल मिळून राज्याने वर्षाला एक कोटी वीस लाख डॉलर, शहराने साठ लाख आणि काउंटीने, म्हणजे शहरालगतच्या जिल्ह्याने, साठ लाख भरायचे, असे ठरले होते. त्यात खेळायला लॉस एंजेलिसहून आलेल्या रॅम्स संघाचा भाडेकरार तीस वर्षांचा होता, परंतु त्यात एक कलम होते: ठरावीक वर्षी हे मैदान अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या पहिल्या पंचवीस टक्के मैदानांत मोडले नाही, तर संघ करारातून मोकळा. शहराच्या बाजूने सुधारणांचा प्रस्ताव गेला, संघाने त्याहून कितीतरी मोठा मांडला, आणि २०१३ मध्ये लवादाने संघाच्या बाजूने निकाल दिला. सुमारे सत्तर कोटी डॉलरच्या सुधारणा कोणी करणे शक्य नव्हते, म्हणून कोणी केल्या नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला परत गेले. हप्ते मात्र इथेच राहिले.

संघ गेला याचे मला फारसे दुःख नव्हते, तो खेळ मला आजही नीट कळत नाही. खटकत होते ते वेगळेच. या शहरात पगारातून एक टक्का कमाईकर कापला जातो, आणि दर महिन्याच्या पगारपत्रकावर ती ओळ पाहिल्यानंतर त्याच आठवड्यात त्या बंद दारांवरून चालत जाताना डोक्यात एकच हिशेब येई: कर्जाची मुदत आणि संघाची बांधिलकी या दोन वेगवेगळ्या तारखा आहेत, आणि दोन्ही तारखा ज्यांनी सही केली त्यांना ठाऊक होत्या. मधूनच एखादे प्रदर्शन लागे, एखादी मैफल होई, पण रविवारी दुपारी तिथल्या फुटपाथवर माझ्याशिवाय कोणी दिसत नसे. पुढे २०२१ मध्ये त्या लीगने आणि संघाच्या मालकांनी स्थलांतराविरुद्धच्या दाव्यातील तडजोडीपोटी ७९ कोटी डॉलर दिले, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण ते पैसे कोर्टातल्या दाव्याने मिळाले, भाडेकरारातल्या कलमाने नव्हे, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये मतपत्रिका हातात घेताना त्यांची चाहूलही नव्हती.

दुसरी गोष्ट नकाशावरची. सेंट लुईस शहर १८७६ च्या मतदानाने काउंटीपासून वेगळे झाले आणि आजही वेगळेच आहे. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेआठ लाखांच्या वर होती, ती २०२० मध्ये जेमतेम तीन लाखांवर आली. काउंटीत मात्र दहा लाख माणसे राहतात आणि नदीपलीकडे इलिनॉयची उपनगरे आहेतच. सामन्याला येणारी बहुतेक मोटार तिथली असते. डोमच्या वेळी निदान राज्य आणि काउंटी वाटेकरी होते. फुटबॉलच्या ठरावात काउंटीचा वाटा नव्हता, आणि तेव्हाचे गव्हर्नर एरिक ग्रायटन्स यांनी राज्याची करसवलत म्हणजे लक्षाधीशांना दिलेली मदत ठरेल असे सांगून हात वर केले होते. म्हणजे ‘सार्वजनिक पैसा’ या भारदस्त शब्दामागे प्रत्यक्षात आमच्या तीन लाख माणसांचे शहर एकटे उभे होते. तुमच्याकडे ठराव आला तर ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोणते लोक, हे आधी मोजावे, असे मी सुचवीन.

या बाबतीत टोकाचे उदाहरण शिकागोलगतच्या ब्रिजव्ह्यूचे आहे. साडेसोळा हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावाने शिकागो फायर संघासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक कर्ज काढून २००६ मध्ये मैदान उभारले. मी एका सामन्यासाठी तिथे गेलो होतो. मैदान देखणे, गवत सुरेख, पण शिकागोच्या रेल्वेचा मार्ग तिथपर्यंत पोचत नाही, आणि मिडवे विमानतळाहून बसने जाताना मला ते गाव शिकागोचे वाटतच नव्हते. प्रेक्षक अपेक्षेइतके आले नाहीत, गावाचा घरपट्टीचा बोजा वाढत गेला, आणि २०१९ च्या हंगामानंतर संघ सुमारे साडेसहा कोटी डॉलर देण्याचे कबूल करून शहरातल्या सोल्जर फील्डवर परतला. येथे निदान निघून जाण्याची किंमत भाडेकराराने वसूल केली, आमच्या डोमच्या कराराने ती केली नव्हती. तरीही मैदान आणि उरलेले कर्ज गावाकडेच राहिले.

आता खासगी पैशाच्या वाटेकडे. ठराव पडल्यानंतर इथे संघ कधीच येणार नाही असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते, मीसुद्धा. पण २०१८ च्या शरद ऋतूत मोटारी भाड्याने देणाऱ्या एंटरप्राइझ उद्योगाचे टेलर कुटुंब पुढे आले, त्यांच्याबरोबर जिम कॅव्हनॉ होते, आणि २० ऑगस्ट २०१९ रोजी लीगने शहराला संघ दिला. साडेबावीस हजार आसनांचे मैदान युनियन स्टेशनच्या पश्चिमेला नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडले. ज्यासाठी २०१७ मध्ये वीस कोटी पुरतील असे म्हटले जात होते, त्याच परिसरात नव्या मालकांनी सुमारे सेहेचाळीस कोटी डॉलर खर्च केले. मधल्या काळात आराखडा बराच बदलला आणि मोठा झाला, म्हणून दोन्ही आकड्यांची थेट तुलना करणे न्याय्य नाही. पण खर्च फुगल्याच्या बातम्या वाचताना माझ्या पगारपत्रकाकडे पाहण्याची गरज पडली नाही, हे समाधान मी लपवत नाही.

मात्र ‘खासगी’ हा शब्दही जपूनच घ्यावा लागतो. जमीन सार्वजनिक यंत्रणेच्या नावावर राहिली आणि मालमत्ता कर माफ झाला. राज्याकडे तीन कोटी डॉलरची करसवलत मागितली गेली आणि अखेर सत्तावन्न लाखांची मिळाली. मैदानापुरती विशेष करक्षेत्रे आखली गेली, म्हणजे तिथे काही विकत घेणाऱ्याच्या बिलात थोडा जादा कर असतो. हा शेवटचा भाग मला उलट आवडतो, कारण तो कर सामना पाहायला आलेला माणूसच भरतो, मग तो काउंटीचा असो की इलिनॉयचा. पहिल्याच हंगामात, २०२३ मध्ये, संघ पश्चिम विभागात अव्वल आला, तेव्हा तर तो जादा कर मी दोनदोनदा आनंदाने भरला.

खासगी वाटेचे तोटे मला दिसतात. मैदानाचे नाव ठरवताना मला कोणी विचारले नाही. आज ते एनर्जायझर पार्क आहे, उद्या आणखी काही असेल. तिकिटांच्या दरांवर शहराचे नियंत्रण नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक शहराकडे टेलर कुटुंब नसते. आम्ही ‘नाही’ म्हटले आणि दीड वर्षाने दुसरे दार उघडले. तुमच्याकडे ते कदाचित उघडणारही नाही, आणि तेव्हा तुम्हाला माझा राग आला तर तो समजण्यासारखा असेल. मतमोजणीच्या रात्री माझ्या एका मित्राने मला फोनवर जे सुनावले, ते अजून विसरलेलो नाही. आता आम्ही शेजारी शेजारी बसून सामने पाहतो.

आर्थिक फायद्याविषयी विचाराल तर मी मोजमाप केलेले नाही. सामन्याच्या संध्याकाळी मार्केट स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते आणि आसपासच्या खानावळींत तासभर थांबावे लागते. पण लीगमध्ये घरच्या मैदानावर हंगामात सतराच सामने होतात, आणि इतर दिवशी मी तिथून जातो तेव्हा त्याच खानावळीत टेबल सहज मिळते. त्या संध्याकाळी मी जे पैसे खर्च करतो ते एरवी माझ्या घराजवळच्या हॉटेलात खर्च झालेच असते. मैदानाच्या बाजूला उभे असलेले शिल्प मात्र जाणाऱ्याने जरूर पाहावे. इथेच मिल क्रीक व्हॅली ही कृष्णवर्णीयांची वीस हजारांच्या आसपास लोकांची वस्ती होती, आणि १९५९ पासून ती सरकारी योजनेखाली, मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांच्या पैशाने, पाडली गेली. तेव्हाही विकासाचाच ठराव होता.

माझ्या मित्रांच्या त्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे पैसा न घालणाऱ्याच्या हातात दोरी कशी राहणार याचे, मला पुढे कोलंबसमध्ये सापडले. तिथल्या क्रू संघाचे १९९९ चे जुने मैदान लामार हंट यांनी स्वतःच्या पैशाने बांधले होते, परंतु जमीन ओहायो राज्याच्या जत्रेच्या आवाराची होती. २०१७ मध्ये तेव्हाचे मालक अँथनी प्रीकोर्ट यांनी संघ ऑस्टिनला हलवण्याची भाषा सुरू केली. क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्यानंतर ओहायोने १९९६ मध्ये एक कायदा केला होता: करदात्यांच्या आधाराने चालणाऱ्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हलायचे असेल, तर त्याने सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिक खरेदीदारांना संधी द्यावी. राज्य आणि शहर त्या कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले, चाहत्यांनी रान उठवले, आणि संघ स्थानिक मालकांच्या हाती येऊन कोलंबसमध्येच राहिला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या नव्या मैदानात मात्र शहराने आणि काउंटीने बराच पैसा घातला. पण पहिली दोरी सार्वजनिक जमिनीची आणि एका कायद्याची होती. तिच्यासाठी कोट्यवधींचे रोखे काढावे लागले नव्हते.

म्हणून मला दोन्हींत उजवी वाटते ती बांधकाम मालकांच्या पैशाने, जमीन शहराची, आणि कर सामना पाहणाऱ्यावर, अशी व्यवस्था. तिच्यात मालमत्ता करावर पाणी सोडावे लागते हे धरूनही. तुमचे शहर मोठे असेल, काउंटी आणि राज्य वाटेकरी असतील आणि कर्ज फिटेपर्यंत संघाला जाता येणार नाही असे भाडेकरारात स्पष्ट लिहिलेले असेल, तर होकार देणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही; तशा कराराला कदाचित मीही होकार दिला असता. आमच्या मतपत्रिकेवर कराची टक्केवारी होती, मैदानाचा उद्देश होता, पण संघ किती वर्षे बांधील राहील याविषयी एक शब्दही नव्हता. मतदानाआधी नगरसेवकाकडे भाडेकराराचा मसुदा मागा आणि त्यात संघाला बाहेर पडण्याची मुभा देणारे कलम शोधा. मसुदा अजून तयार नाही असे उत्तर आले, तर मी तरी ‘नाही’वरच खूण करीन.