सुरक्षा सेवा चोख, पदकांचा हिशेब कच्चा

फोंड्याजवळच्या आमच्या ५४ सदनिकांच्या सोसायटीने दीड वर्षापूर्वी फाटकावरची राखण एका खासगी सुरक्षा एजन्सीकडे सोपवली. एजन्सीचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गोष्टीविषयी मला तक्रार आहे ती या एकाच एजन्सीपुरती नाही, आणि ज्या माणसामुळे ती माझ्या ध्यानात आली तो माणूस मुळात वाईट नाही. माहितीपत्रकावर तिरंग्याच्या पट्टीखाली ठळक अक्षरांत ‘सर्व रक्षक माजी सैनिक, पर्यवेक्षक कारगिलवीर’ असे छापलेले होते आणि त्या एका ओळीपोटी आम्ही प्रत्येक रक्षकामागे नेहमीच्या दरापेक्षा महिना चार हजार रुपये जास्त मोजत होतो. मी सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे ती रक्कम दर महिन्याला माझ्याच सहीने जात असे.

आधी सेवेविषयी, कारण तिच्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. फाटकावरची नोंदवही नीट ठेवली जाते, पाण्याच्या टँकरची वेळ आणि चालकाची सही न चुकता घेतली जाते आणि रात्रीच्या दोन फेऱ्या खरोखर होतात. एकदा जुलैच्या धो धो पावसात पहाटे तीन वाजता मला जाग आली, तेव्हा मागच्या कुंपणाकडे विजेरीचा उजेड सरकताना मी स्वतः पाहिला आहे. चवथीच्या दिवसांत निम्मी सोसायटी आपापल्या गावच्या मूळ घरी गेलेली असते. त्या आठवड्यात बंद सदनिकांची कुलपे दिवसातून दोन वेळा तपासून त्याची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली जात असे. पगार मात्र रक्षकांच्या हातात उशिरा पडतो, असे त्यांच्याच तोंडून कळले.

आता पर्यवेक्षकाविषयी. सगळे त्यांना ‘सुभेदारसाहेब’ म्हणत. गेल्या वर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, झेंडावंदनासाठी ते निळ्या ब्लेझरवर सात पदकांची रांग लावून आले. मुलांनी साहजिकच त्यांना घेरले. ‘मी ऑपरेशन विजयमध्ये होतो’ एवढेच ते म्हणाले, आणि एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने डोळे विस्फारून विचारले, ‘म्हणजे तुम्ही पोर्तुगिजांना हाकलले?’ साहेब हसले, मुलाच्या पाठीवर थाप मारली, पण नाही म्हणाले नाहीत. ऑपरेशन विजय या नावाच्या मोहिमा दोन आहेत. पहिली १९६१ च्या डिसेंबरातली, जिच्यात १८ आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला आणि अंजदीव बेटावर नौदलाचे सात जवान धारातीर्थी पडले. दुसरी १९९९ ची, कारगिलची. पहिल्या मोहिमेतला सर्वांत तरुण सैनिकसुद्धा आज ऐंशीच्या पुढे असणार, आणि साहेबांचे वय साठीच्या आत. मुलाला हे गणित येत नव्हते. मोठ्यांना येत होते, पण त्यांनी ते केले नाही. पुढे चहाबरोबर तोलोलिंगच्या, म्हणजे कारगिलच्या लढाईतल्या एका शिखराच्या, चढाईची हकिगत सुरू झाली. दगडांच्या आडोशाने सरकणे, रात्रीची थंडी, शेजारचा जोडीदार पडणे, असे सगळे त्यात होते आणि ते सांगितलेही छान.

मी स्वतः सैन्यात लेखनिक होतो. सिग्नल्समधली, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेतली, माझी वर्षे टंकलेखन यंत्रासमोर गेली, बंदूक हातात यायची ती वार्षिक नेमबाजीपुरती. त्यामुळे शौर्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र पदकांच्या याद्या करण्यात उमर गेल्यामुळे कोणते पदक कशासाठी मिळते, एवढे मला नक्की कळते. त्या रांगेत सैन्य सेवा पदक, उच्च तुंगता पदक, ऑपरेशन पराक्रमचे पदक, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचे पदक, नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची दोन पदके, आणि ऑपरेशन विजय पदक होते. सातही खरी होती आणि ती लावण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. अडचण शेवटच्या पदकात होती. कारगिलच्या मोहिमेसाठी दोन वेगवेगळे सन्मान काढले गेले: प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांसाठी ‘ऑपरेशन विजय स्टार’, जो ताऱ्याच्या आकाराचा असतो, आणि त्या काळात इतरत्र मोहिमेसाठी हलवलेल्या, सज्ज ठेवलेल्या सैनिकांसाठी ‘ऑपरेशन विजय पदक’, जे गोल असते. तोलोलिंगवर चढलेल्या माणसाच्या छातीवर तारा हवा. साहेबांच्या छातीवर तो कुठेच नव्हता.

हे मी चारचौघांत काढले नाही. जानेवारीत कराराच्या नूतनीकरणाचा विषय आला, तेव्हा सर्व रक्षकांची मूळ सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि सैनिक मंडळाचे ओळखपत्र पाहावयास मागितले. छायाप्रती चालणार नाहीत असेही कळवले, कारण छायाप्रतीत हुद्दा बदलायला झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटे लागतात. सहा जणांपैकी दोनच माजी सैनिक निघाले. बाकी चौघांनी २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याप्रमाणे प्रशिक्षण घेतलेले होते, म्हणजे ते रक्षक म्हणून पूर्ण पात्र होते. परंतु त्यांच्यासाठी आम्ही जे चार हजार रुपये जास्त मोजत होतो, ते निव्वळ माहितीपत्रकातल्या एका ओळीचे होते.

साहेबांची पुस्तिका मी सर्वांत शेवटी उघडली. भरती १९८५, निवृत्ती २००९, आर्मी सर्व्हिस कोअर (सैन्याची रसद आणि वाहतूक पाहणारी शाखा), वाहनचालक, हुद्दा हवालदार, म्हणजे सुभेदाराहून खालचा. निवृत्त होताना काही हवालदारांना नायब सुभेदाराचा मानद हुद्दा मिळतो, म्हणून मी पुन्हा एकदा पाने उलटून पाहिली. तशी नोंद नव्हती. ‘हवालदारसाहेब, १९९९ मध्ये कुठे होता?’ असे विचारले, तेव्हा ते बराच वेळ पुस्तिकेच्या कापडी बांधणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘पठाणकोटला, साहेब. यार्डातून गोळे भरायचो, दोन महिने. वर जायची माझी पाळी आलीच नाही.’ तोलोलिंग कुणाचे, असे मी विचारले नाही. आपल्या तुकडीत नंतर बदलून आलेल्या एका जवानाकडून ऐकलेले होते, हे त्यांनीच सांगितले. ‘एजन्सीच्या मालकांनी कारगिलवीर असे छापले, मग लोक विचारायला लागले. नाही कसे म्हणणार?’

हे कायद्याच्या कक्षेत येते का, असे आमच्या एका सभासदाने विचारले. भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ सैनिक नसताना सैनिकाचा वेश किंवा खूण वापरणाऱ्यासाठी आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. जो खरोखर चोवीस वर्षे सैनिक होता आणि आपली खरीच पदके लावून दुसऱ्याची लढाई सांगतो, त्याला हे कलम लागत नाही. अमेरिकेत खोट्या शौर्याच्या नुसत्या दाव्यालाच गुन्हा ठरवणारा कायदा केला गेला होता. तो २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या कारणाने रद्द केला आणि पुढच्या वर्षी आलेल्या नव्या कायद्यात पैसा किंवा लाभ मिळवण्यासाठी केलेला दावाच गुन्हा राहिला. तो निकष आमच्या प्रकरणाला लावला, तर दोषाचा काटा हवालदारांकडे कमी आणि माहितीपत्रक छापणाऱ्याकडे जास्त झुकतो, असे माझे मत आहे.

म्हणून सेवेसाठी मी पाचांपैकी चार गुण देईन, आणि जाहिरातीसाठी एकही नाही. ज्यांना अशी एजन्सी नेमायची आहे त्यांनी परवाना पाहावा, मूळ कागद पाहावेत आणि कोणी शौर्यपदकाचा दावा केला तर तो संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर पडताळावा. परमवीर, महावीर आणि वीर चक्र विजेत्यांची नावे तेथे कोणालाही पाहता येतात. दीर्घ सेवेची पदके तेथे सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी सेवापुस्तिकाच हवी.

करार आम्ही मोडला नाही. चौघांचा दर नेहमीचा केला, दोघांचा तसाच ठेवला आणि ‘कारगिलवीर’ हा शब्द करारातून खोडून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. यंदाच्या मुक्तिदिनी हवालदार तोच ब्लेझर घालून आले होते, पदके तीच सात. तोच मुलगा पुन्हा जवळ आला, तेव्हा त्यांनी त्याला बोफोर्सच्या १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याचे वजन चाळीस किलोहून जास्त असते, तो दोघांनी कसा उचलायचा आणि ट्रकमध्ये कसा रचायचा म्हणजे घाटात हलत नाही, हे हातवारे करून दाखवले. मुलाने विचारले, ‘एका रात्रीत किती ट्रक?’ त्यावर त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. नूतनीकरण सध्या एका वर्षापुरतेच केले आहे.