कोलकात्यातला शेवटचा दिवस आणि पॅरामाउंटचं डाब शरबत

कोलकात्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: शेवटचा दिवस पार्क स्ट्रीटच्या झगमगाटात घालवू नका, जुन्या पुस्तकांच्या कॉलेज स्ट्रीटला या. आणि तिथे काही करा न करा, बंकिम चॅटर्जी स्ट्रीटवरच्या 'पॅरामाउंट' या शरबताच्या दुकानात बसून डाब शरबत, म्हणजे शहाळ्याचं शरबत प्या. सहलीभर आम्ही बरंच खाल्लं-प्यायलं, पण माझ्या मते पहिला नंबर या ग्लासाचाच.

आत्या बरोबर होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी शहराच्या चार टोकांना धावाधाव करायची नाही, एकच भाग धरायचा आणि जमेल तसं चालायचं, असं आम्ही ठरवलं होतं. त्यासाठी कॉलेज स्ट्रीटइतकी सोयीची जागा नाही. रात्रीची गाडी हावड्याहून असेल, तर महात्मा गांधी रोड सरळ हावडा पुलापर्यंत जातो. रस्ता तुंबलेला दिसला, तर महात्मा गांधी रोड स्टेशनवरून मेट्रोने एस्प्लनेड गाठायचं आणि तिथून हुगळीखालून जाणारी मेट्रो पकडायची. ती 2024 मध्ये सुरू झाली. सामान थोडं असेल तर हाच मार्ग उत्तम.

सकाळी पुटीराम या मिठाईच्या दुकानात कचोरी आणि छोलार डाळ. शेगाव कचोरीची कल्पना डोक्यातून काढून टाका. ही पातळ, मऊ, पुरीसारखी फुगलेली असते आणि हिंगाचा वास आधी नाकाशी येतो. डाळ हरभऱ्याची, त्यात खोबऱ्याचे बारीक काप आणि तमालपत्र, चव किंचित गोडसर. आत्याने पहिल्या घासाला भुवया उंचावल्या, डाळीत गोड कशाला म्हणून. दुसऱ्या वाटीच्या वेळी मात्र तिने स्वतःच हात वर करून "दादा, आर एकटू" (अजून थोडं) म्हटलं. तिचं सगळं बंगाली कादंबरीकार शरदबाबूंच्या (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) मराठी अनुवादांतून आणि आठवडाभराच्या रिक्षाप्रवासातून जमवलेलं, पण तिथल्या लोकांना त्याचं फार कौतुक.

मग पुस्तकं. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या टपऱ्या, छतापर्यंत रचलेल्या थप्प्या, आणि त्या थप्पीच्या तळातून नेमकं हवं ते पुस्तक ओढून काढणारे विक्रेते. रविवारी इथे बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा परतीचा दिवस रविवार येऊ देऊ नका.

कॉफी हाउसबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, म्हणून थोडक्यात. हा जुना आल्बर्ट हॉल. इथे 1942 पासून कॉफी मिळते आणि आता कामगारांची सहकारी संस्था तो चालवते. वर गॅलरीत जागा मिळाली तर घ्या, तिथून खालचं सगळं दालन दिसतं: पंखे, पांढऱ्या फेट्यातले वेटर, टेबलांवर कोपरं टेकून वाद घालणारी मंडळी. मागवायचं ते इन्फ्युजन, म्हणजे बिनदुधाची कॉफी. पोट मात्र इथे भरू नका, कारण खरी गोष्ट इथून दोन पावलांवर आहे.

पॅरामाउंट 1918 चं. नीहाररंजन मजुमदारांनी सुरू केलं तेव्हा नाव होतं 'पॅरडाइज'. दर्शनी भागात शरबत आणि मागच्या बाजूला क्रांतिकारकांच्या बैठका, अशी त्याची जुनी ख्याती. डाब शरबताची कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची असं सांगतात. म्हणजे बेंगाल केमिकल्सची स्थापना करणारा रसायनशास्त्रज्ञ! कॉलेजच्या पोरांना स्वस्तात तहान भागवणारं आणि पोटाला आधार देणारं काहीतरी मिळावं, हा त्यामागचा विचार. मला हे फार आवडलं. प्रयोगशाळेतला एवढा मोठा माणूस मुलांच्या दुपारच्या भुकेचा विचार करतो, आणि ती कृती शंभर वर्षांनंतरही त्याच रस्त्यावर ग्लासात ओतली जाते.

दुकान लहान. संगमरवरी टेबलं, भिंतीवर हरणाची शिंगं, आणि इथे येऊन गेलेल्या थोरांच्या नावांची यादी. सुभाषबाबूंचं नाव दिसल्यावर आत्या खुर्चीत सरळ होऊन बसली.

आता ग्लासाकडे येऊ. डाब म्हणजे कोवळं शहाळं. त्याचं पाणी, थोडा पाक, बर्फ आणि तळाशी मलईचे काप. रंग जवळजवळ नाहीच, दुधाचा हात लागलेल्या पाण्यासारखा. पहिल्या घोटाला वाटतं की गोड जरा जास्त आहे. पण बर्फ विरघळायला लागला की गोडी मागे सरते आणि शहाळ्याची ती हलकी खारट चव वर येते. म्हणून घाई नको. अर्धा ग्लास झाला की मलई चमच्याने काढून खायची. इतकी कोवळी की चावावी लागतच नाही, तरी जिभेला तिचा काठ जाणवतो. आदल्या दिवशी एका चकचकीत कॅफेत मी नारळाचं पेय घेतलं होतं. त्यात इसेन्सच एवढा की तोंड धुवावंसं वाटलं. इथे शहाळ्याशिवाय दुसरा कसला वास नाही.

आत्याने चिंचेचं शरबत घेतलं. आंबट-गोड, मिठाचा नेमका हात, उन्हातून आल्यावर एकदम तरतरी येते. तरी दोघांत एकच निवडायचं तर डाब. दुकान दुपारच्या सुमाराला उघडतं, त्यामुळे सकाळी जाऊन उपयोग नाही. गर्दी असली तर टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं. आमच्या समोर बसलेल्या दोन विद्यार्थिनींनी आत्याला शेवटची खरेदी कुठे करायची ते सांगितलं.

त्यांनी सांगितलं 'नकुड'. गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं संदेशचं (छेन्याची, म्हणजे फाडलेल्या दुधाची बंगाली मिठाई) दुकान, 1844 चं, हेदुआजवळ बेथून कॉलेजच्या बाजूला. बिधान सरणीने उत्तरेला चालत जाता येतं, पण गुडघे दुखत असतील तर रिक्षा करा. जाळीच्या पलीकडून मिठाई देतात, बसायला जागा नाही, रस्त्यावर उभं राहूनच खायचं. थंडीत गेलात तर खजुराच्या नव्या गुळाचा जलभरा संदेश मागा. तो अर्धा चावायचा नाही, आख्खा तोंडात टाकायचा, कारण आत पातळ गूळ असतो आणि तो थेट कपड्यांवर उडतो.

घरी न्यायला मात्र जलभरा घेऊ नका. संदेशात नरमपाक आणि कडापाक असे दोन प्रकार असतात. नरमपाक तिथेच खा, प्रवासात त्याचं काही खरं नाही. कडापाक घट्ट असतो, छेना जास्त आटवलेला, तो गाडीत टिकतो. तरी डबा खिडकीच्या बाजूला उन्हात ठेवू नका आणि घरी पोचल्यावर लगेच वाटून टाका. आम्ही दोन डबे घेतले होते, त्यातला एक नागपूर यायच्या आतच संपला.