लोकेशन मिळेना: थांबायचं की जुन्यावर भागवायचं?

अ‍ॅपने लोकेशन मागितलं आणि उत्तर येईना, तर दोन वाटा असतात. एक, टाइमआउट (म्हणजे उत्तरासाठी थांबायची कमाल वेळ) लांबवून ताज्या जागेची वाट पाहायची. दुसरी, टाइमआउट छोटा ठेवून फोनकडे असलेली शेवटची जागा लगेच दाखवायची आणि नवी मिळाली की बदलायची.

पहिल्या वाटेत अचूकता मिळते, पण वेळेचा भरवसा नाही. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. फोनकडची माहिती जुनी झाली असेल आणि नेटवर्कवरूनही नवी मिळाली नाही, तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. अशा वेळी निव्वळ जीपीएसवर १० सेकंदांचा टाइमआउट म्हणजे हमखास अपयश. इमारतीत तर मिनिटभर थांबूनही काही हाती लागेलच असं नाही. वेबच्या जिओलोकेशनमध्ये (ब्राउझरकडून जागा मागायच्या सोयीत) आणखी एक गोम आहे: टाइमआउट दिलाच नाही तर तो अनंत धरला जातो. मग स्पिनर, म्हणजे ते फिरतं चक्र, बघत बसा!

दुसरी वाट चटकन उत्तर देते. मात्र अँड्रॉइडवर शेवटची जागा नल (म्हणजे रिकामी) येऊ शकते, उदाहरणार्थ फोनचं लोकेशन बंद केलेलं असेल तर. शिवाय तिचं वय तपासायलाच हवं. हवामान दाखवायला तासाभरापूर्वीची जागा चालते. हजेरी नोंदवायला नाही.

बहुतेक अ‍ॅप्ससाठी मी दुसरीच निवडेन, वर नकाशावरची पिन हाताने सरकवायची सोय देईन. हजेरीला मात्र ३० सेकंद थांबावं, आणि तरीही जमलं नाही तर सरळ तसं सांगून 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण द्यावं.