48 सामन्यांचा एनएचएल हंगाम: जानेवारी ते जून 2013 पाहून झाल्यावर

आधी एक खुलासा. 2012 मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये खेळाडूंनी संप केला नव्हता, मालकांनी टाळेबंदी लावली होती. गिरणगावातल्या वाचकाला हा फरक सांगायला नको, पण आइस हॉकीच्या गप्पांत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. भांडण उत्पन्नाच्या वाट्यावरून होतं. खेळाडूंचा 57 टक्क्यांचा हिस्सा शेवटी 50 वर आला. त्यात 510 सामने बुडाले आणि 19 जानेवारी 2013 ला जे हाती आलं ते असं: प्रत्येक संघाला 82 ऐवजी 48 सामने, तेही शंभरेक दिवसांत.

माल छोटा, पण चवीला उत्तम. जवळपास दिवसाआड सामना असल्यामुळे प्रत्येक गुणाला किंमत आली. शिकागो पहिल्या 24 सामन्यांत एकदाही साठ मिनिटांच्या नियमित वेळेत हरला नाही, आणि जूनमध्ये बॉस्टनविरुद्ध 17 सेकंदांत दोन गोल मारून स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेऊन गेला.

खोट सुरुवातीलाच दिसते. तयारीला जेमतेम आठवडा आणि सराव सामना एकही नाही, त्यामुळे पहिले पंधरा दिवस पास चुकतात, पाय जड वाटतात. दुसरी खोट जास्त बोचते: पूर्व विभागाचे संघ आणि पश्चिम विभागाचे संघ यांच्यात एकमेकांविरुद्ध साखळी सामनेच ठेवले नाहीत. व्हँकुव्हर किंवा कॅल्गरीत वर्षभराचं तिकीट काढणाऱ्याला पूर्वेतल्या पिट्सबर्गचा तारा क्रॉस्बी आपल्या बर्फावर दिसलाच नाही. नववर्षदिनाचा मैदानी सामनाही गेला; तो 2014 ला मिशिगनमध्ये झाला आणि 1,05,491 प्रेक्षक आले.

मग लोक रुसले का? स्टेडियमच्या आकड्यांत रुसवा दिसत नाही, सरासरी 17 हजारांच्या वरच राहिली. पण हा आकडा खपलेल्या तिकिटांचा असतो, खुर्चीवर टेकलेल्या माणसांचा नव्हे, आणि हंगामी तिकिटाचे पैसे बरेचदा आधीच भरलेले असतात. खरा फटका सवयीला बसतो. अशाच टाळेबंदीत 2004-05 चा अख्खा हंगाम रद्द झाल्यावर ईएसपीएनने हॉकी सोडली आणि अमेरिकेतले सामने ओएलएन या शिकार-मासेमारीच्या वाहिनीवर गेले. कट्टर चाहत्याने ती शोधून काढली. सहज चाळता चाळता थांबणारा प्रेक्षक मात्र हातचा गेला. तेव्हा निदान खेळ तरी सुधारला: दोन रेषा ओलांडणारा पास वैध झाला, अडवाअडवीला शिक्षा होऊ लागली, बरोबरी शूटआउटने सुटू लागली. 2013 ला नियमांत असं काही मिळालं नाही, पण एनबीसी वाहिनीशी प्रक्षेपणाचा करार शाबूत असल्याने वाहिनी शोधत फिरावं लागलं नाही. माझ्या मते लोक लवकर परतले ते यामुळे. त्यांनी मालकांना माफ केलं म्हणून नव्हे.

मालक आणि खेळाडूंमध्ये ठरलेला करार सप्टेंबर 2030 पर्यंत चालेल. तो संपल्यावर सुरू होणाऱ्या हंगामाचं तिकीट काढणार असाल तर रक्कम एकदम भरू नका, हप्ते मागा. रद्द सामन्यांचे पैसे रोख परत मिळणार की पुढच्या वर्षात वळते होणार, तेही आधीच लेखी घ्या.